अकरावा दोष

रविवार, ६ ऑक्टोबर

धुळ्याला जाऊन आले. पारोळ्याजवळ रस्त्याचं काम चालू आहे, त्यामुळे जायलाच तीन तास लागले. सॅक्सोफोन पाहिला. निर्णय झालेला नाही.

पत्ता गिरधरनानांनी दिला होता. नाना जळगावच्या पोलीस बँडमधून निवृत्त झाले आणि नंतरची तीन वर्षं दर रविवारी त्यांनी मला शिकवलं, त्यांच्याच वाद्यावर. ऑगस्टमध्ये ते मुलाकडे नाशिकला राहायला गेले. वाद्य अर्थातच बरोबर गेलं. तेव्हापासून मी वाजवलेलं नाही. दोन महिने आणि चार दिवस.

नवीन, धड वाजणारं वाद्य माझ्या पगारात बसत नाही. स्वस्तातली नवीन येतात, त्यांच्या चाव्या वर्षभरात वाकतात. म्हणून जुनं.

मालक हसीबचाचा, वय सत्तरच्या पुढे. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत घर. ब्रास बँडचे मास्तर होते. करोनात बँड बंद पडला तो पडलाच. त्यांचा मुलगा नईम आता लग्नांना डीजेची गाडी नेतो. चाचांच्या तोंडात कवळी आहे, कवळी लावून फुंकायची रीडची पट्टी तोंडात धरता येत नाही. वाद्य चार वर्षं पेटीत आहे.

क्रमांकावरून ते १९३५ ते ४० मधलं आहे, अमेरिकन बनावटीचं. क्रमांक अंगठ्याच्या आधाराखाली आहे, नीट वाचता येतो. भोंग्यावर फुलांची बारीक कोरीव नक्षी. चाव्यांखालचे, भोकं मिटवणारे पॅड सगळे बदलावे लागतील, काही तर चपलेच्या कातड्याचे लावलेले आहेत. दोन स्प्रिंगांच्या जागी रबरबँड. तळाच्या वळणाला पोचा आहे. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं.

जे दुरुस्त होत नाही ते मी शेवटी तपासलं. वाद्याच्या अंगावर जी भोकं असतात त्यांच्या कडा सपाट लागतात. कड सपाट असली तरच पॅड बसतो, पॅड बसला तरच हवा अडते, हवा अडली तरच सूर. सपाट काचेचा तुकडा आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घेऊन गेले होते. सर्वांत मोठ्या भोकाची कड ०.०५ मिलिमीटरच्या आत सपाट आहे. पाइपांच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासणं हे माझं काम आहे. पंच्याऐंशी-नव्वद वर्षांच्या वस्तूत असा आकडा येईल असं मला वाटलं नव्हतं. दोनदा मोजला.

चाचा खाटेवर बसून पाहत होते. "ताई, तू काय पोलीस शेस का?"

"इंजिनिअर आहे."

"एकच झायं ते."

मग म्हणाले, फुंकून बघ. मी म्हटलं, आधी गळती बघते. फुंकल्याशिवाय गळती कशी कळते, त्यांनी विचारलं. मी खिडकी लावायला सांगितली आणि एलईडीची बारीक माळ नळीत सोडली. मिटलेल्या पॅडांच्या कडेनं उजेड बाहेर यायला लागला. त्यांची मुलगी सकीना, माझ्याच वयाची असेल, शिवणाचं मशीन सोडून बघायला आली. "अब्बा, हे तर चाळण झालंय!" चाचांनी मान वळवली.

आणखी एक नोंद. वाद्य काळं आहे, पण तो काळेपणा पितळेचा नाही. गळा जिथे बसतो त्या जोडाच्या आत रुमालानं घासलं. पांढरं निघालं. चांदीचा मुलामा आहे, आणि बहुतेक ठिकाणी शाबूत. त्यामुळे वाद्याची किंमत निदान दुपटीनं वाढते. मी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

ते पस्तीस हजार म्हणतात. नईमनं जाताजाता ऐकवलं, की हायवेवर एक नवीन हॉटेल होतंय, मालकाला भिंतीवर टांगायला जुनी वाद्यं हवी आहेत. तो वीस द्यायला तयार आहे. "न बघता," नईम म्हणाला आणि माझ्या काचेकडे पाहिलं.

मी फुंकलं नाही. चार वर्षांची घाण नळीत आहे.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

नानांचा फोन. कसा आहे सूर? मी कडांचा आकडा सांगितला. ते म्हणाले, नूतन, मी सूर विचारला. मी म्हटलं, वाजवण्याच्या स्थितीत नाही. ते म्हणाले, वाद्य की तू? पोलीस खात्यात राहून माणसाला असे प्रश्न विचारायची सवय लागते.

रविवार, २० ऑक्टोबर

दुसऱ्यांदा धुळे. दोषांची यादी टाइप करून, प्रिंट काढून नेली. तोंडी घासाघीस मला जमत नाही. समोरचा हसतो आणि मी गप्प होते. कागदावर जमते.

अकरा दोष लिहिले होते. प्रत्येकाची जागा आणि दुरुस्तीचा अंदाज. चाचा उर्दू शाळेत शिकलेले, मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो, म्हणून सकीनानं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती वाचत असताना ते खाली मान घालून ऐकत होते. पोचा, रबरबँड, झिजलेले कॉर्क, सैल दांडे. चौथ्या दोषाला म्हणाले, "ते वणीच्या लग्नात. घोडी बिथरली होती." अकरावा होता: संपूर्ण अंग काळं पडलं आहे.

"हं," ते म्हणाले. "बठ्ठं लिखी लिधं. एक नाही सोडलं. मोठ्या जावयात पण इतके दोष निघाले नव्हते आमच्या."

"निघाले असते," सकीना म्हणाली, "बघायला ह्यांना न्यायला पाहिजे होतं."

चोवीसवर आले. अकरा हजार कमी झाले ते निव्वळ कागदामुळे. मी लगेच हो म्हटलं नाही. पॅड मुंबईहून मागवावे लागतील, त्यांचा भाव कळल्याशिवाय एकूण आकडा येत नाही. दिवाळीनंतर येऊन सांगते म्हटलं.

नईम दारात डीजेच्या वायरी गुंडाळत होता. "तिसऱ्यांदा येणार म्हणजे पसंतच समजायचं. आमच्यात तीनदा बघायला येऊन कुणी नाही म्हणत नाही."

"माझ्या बाबतीत म्हणतात," मी म्हटलं.

चाचा हसले. कवळी सुटली, हातानं बसवली. मग गंभीर होऊन म्हणाले, "यादी राहू दे इथंच." मी ठेवून आले. मूळ फाइल माझ्याकडे आहेच.

आजही फुंकून बघ म्हणाले. घरात पाहुणे होते. मी म्हटलं, पॅड बदलल्यावर.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आठवडा वाया. मुंबईच्या दुकानदारानं तीन वेळा तीन वेगळे भाव सांगितले, आणि मापं विचारली तर म्हणतो, मॅडम, अंदाजानं पाठवतो, कापून बसवा. जळगावात एकच वाद्यांचं दुकान माहीत आहे, तिथे हार्मोनिअम आणि ढोलकी. मालक म्हणाला, सॅक्सोफोन? पोरींसाठी गिटार जास्त चालते.

हिशोब पुन्हा मांडला. दुरुस्तीसह बेचाळीस हजार. वाद्याची खरी किंमत त्याच्या दुपटीच्या वर. निर्णय सरळ आहे. तरी सगळे रकाने भरल्याशिवाय हो म्हणायचं नाही असं ठरवलं आहे. दोन रकाने रिकामे आहेत.

शनिवार, २ नोव्हेंबर. भडगाव

दिवाळीला घरी. आईला सांगितलं. ती चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता थांबली. "बँडवाल्यांचं? कुणाकुणाच्या तोंडातलं ते?" माउथपीस नवीन घेणार आहे, मी म्हटलं. पप्पांनी पेपरमधून मान वर न काढता विचारलं, "वरातीत वाजवणार का?" मी उत्तर दिलं नाही. जमतं की नाही हे त्यांनी विचारलं असतं तर दिलं असतं.

आईनं नंतर हळूच विचारलं, तुला येतं का खरंच? तीन वर्षांत तिनं एकदाही ऐकलेलं नाही. नानांखेरीज कुणीच ऐकलेलं नाही. ही चूक माझी नाही, भाड्याच्या खोलीत वाजवता येत नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कंपनीत ऑडिट. त्यातच सकीनाचा फोन आला. "अब्बांनी तुमची यादी भिंतीला चिकटवलीय. एकेक उरकतायत."

कशाला हात लावू नका, मी म्हटलं. समोर ऑडिटर उभा होता. ती म्हणाली, झालंच आता, थोडंच राहिलंय, तुळशीचं लग्न तोंडावर आलंय ना. मी म्हटलं, मी रविवारी येतेय, तोवर काही करू नका, आणि फोन ठेवला. अर्ध्या मिनिटात.

स्प्रिंगा बसवत असतील. सायकलच्या तारेच्या बसवल्या तर काढाव्या लागतील. काम वाढवून ठेवणार.

रविवार, १७ नोव्हेंबर

बसमध्ये लिहिते आहे. अक्षर वाईट आलं आहे.

घर झाडूनपुसून ठेवलेलं. चहाबरोबर मावा जिलेबी. खाटेवर पेटी, पेटीवर भरतकामाचा रुमाल. मी पैसे घेऊन गेले होते. रिकामे दोन रकाने मी अंदाजानं भरले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

नईमनं रुमाल उचलला.

वाद्य पिवळं आहे. पितळी कळशीसारखं लखलखीत पिवळं. चांदी गेली. भोंग्यावरची नक्षी इतकी पुसट झाली आहे की बोट फिरवल्यावरच कळते. क्रमांकाच्या सहा आकड्यांपैकी दोन वाचता येतात.

मी विचारलं, कुणी केलं? भांडी पॉलिश करणाऱ्यानं, नईम म्हणाला. चाकावर? "चाकावरच. बँडवाल्यांचं सगळं तिथंच होतं, तुळशीचं लग्न लागलं की लाइन असते तिथं. चाव्या अब्बांनी स्वतः खोलून दिल्या, चांगलं आतपर्यंत चमकावं म्हणून. बघा की, सोन्यासारखं! अकरावा नंबर होता ना तुमचा? काळं? संपला विषय!" तो खूप बोलत होता. सकीना जिलेबीची बशी घेऊन उभी होती, ती तिनं माझ्यापुढे केलीच नाही. चाचा वाद्याकडे पाहत नव्हते, सारखं माझ्या तोंडाकडे पाहत होते. बहुधा शाबासकी हवी असावी.

मी काच आणि गेज काढलं. चाव्या खोलून चाकावर धरलं म्हणजे भोकांच्या कडा उघड्या राहिल्या आणि चाकानं त्या गोल केल्या. मोठ्या भोकाची कड ०.३५. त्याच्या शेजारची ०.४. पुढच्या मोजल्या नाहीत.

"काय म्हणतं मग यंत्र?" चाचांनी विचारलं.

कळवते, मी म्हटलं.

नईमनं फोन काढून दाखवला. चमकलेल्या वाद्याचा फोटो त्यानं हॉटेलवाल्याला पाठवला होता, तो आता सव्वीस म्हणतोय. पुढच्या रविवारी न्यायला येणार आहे. "पण अब्बा म्हणतात, जबान तुम्हाला दिली. तुमचं आधी कळू दे."

एरंडोलला बस थांबली आहे. चहा प्यायला लोक उतरलेत. मी उतरले नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

हा अडाणीपणा आहे. दुसरा शब्द नाही. पन्नास वर्षं जी वस्तू वापरली ती कशाची आहे हे माहीत नसणं, आणि माहीत नसताना चाकावर धरणं. मी सांगितलं होतं, हात लावू नका. फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

तांत्रिक बाजू: कडा घासून पुन्हा सपाट करता येतात. घासल्यावर कड बुटकी होते, पॅड तितके जाड लावावे लागतात. ०.४ काढणं म्हणजे वरची मर्यादा. एका भोकाला दोन-तीन तास, तेही हात बसल्यावर. भोकं पंचवीस. एक चुकलं तर ते वाद्य संपलं. त्यानंतरही सुराची खात्री नाही.

कागदावर उत्तर नाही असं आहे. भिंतीवर टांगायला मात्र ते उत्तम झालंय. सव्वीस हजार देणारा माणूस मिळालाय, म्हणजे त्यांचं नुकसानही नाही.

नाही कळवायचं. उद्या फोन करते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

फोन केला नाही. नानांना केला. सगळं सांगितलं: चाक, कडा, क्रमांक. ते बराच वेळ च्यक् च्यक् करत राहिले. मग विचारलं, "त्यांना माहीत नव्हतं, चांदी आहे?"

"नसणारच."

"तुला होतं?"

"हो."

"मग त्यांना कोण सांगणार होतं?"

मी म्हटलं, नाना, तो त्यांचा माल आहे. ते म्हणाले, बरोबर आहे. माझ्याशी कुणी इतक्या लवकर सहमत झालं की मला राग येतो. फोन ठेवला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

यादीची फाइल उघडून पाहिली. अकरावा दोष: संपूर्ण अंग काळं पडलं आहे.

हे वाक्य खरं आहे. यादीतलं एकही वाक्य खोटं नाही. रोज मी लोकांच्या रिपोर्टांवर सह्या करते, आणि आकडा बरोबर असूनही रिपोर्ट खोटा कसा असतो हे मला नव्या मुलांना शिकवावं लागतं. एकच बाजू मोजायची आणि दुसऱ्या बाजूबद्दल काही लिहायचं नाही. हे शिकवताना मी जे उदाहरण देते ते पाइपच्या जाडीचं असतं.

तो दोष लिहिला नसता तरी दहांवर भाव तीसपर्यंत आला असता. वरचे सहा हजार त्या एका ओळीचे.

लिहून काही होत नाही. शनिवारी सुट्टी आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळच्या पहिल्या बसनं गेले. न कळवता. चाचा ओट्यावर ऊन घेत बसले होते. मला पाहून उठायला लागले, मी म्हटलं, बसा. मी पण बसले. बसमध्ये चार वाक्यं तयार केली होती, त्यातली दोनच आली.

"चाचा, त्याला चांदीचा मुलामा होता. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, भाव वाढेल म्हणून बोलले नाही."

ते समोरच्या गटाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग माले काय ठाऊक नव्हतं का?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"वाद्य आधी माझ्या उस्तादांचं. ते ईदच्या आदल्या दिवशी राख घेऊन बसायचे. कपड्यानं गाळलेली राख, मऊ. तासभर पुसायचे. आरशासारखी चांदी. ते गेल्यावर मी आळस केला, होऊ दिली काळी."

"मग चाकावर का दिलं?"

"तू लिहिलंस ना." ते माझ्याकडे वळले. "मला वाटलं, पोरगी शिकलेली आहे पण हे तिला ठाऊक नाही. काळं दिसतं म्हणून नाक मुरडते. तर आपण पांढरं करून दाखवू, तिसऱ्या वेळेला येईल तेव्हा. दोन दिवस राखेनं घासलं. ही बोटं वळत नाहीत आता. पॉलिशवाला म्हणाला, मास्तर, एक हलका हात फिरवतो, काळं तेवढं काढतो. चाव्या खोलून दिल्या, म्हटलं अर्धवट नको. चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर…" हातानं त्यांनी काहीतरी दाखवलं, ते मला कळलं नाही. "त्याच्याच दुकानात बसलो मग. घरी न्यायला पाय निघेना."

"त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तू नको म्हटली असतीस. नईम म्हणाला, बोलू नका, तिला काय कळतंय चांदी का पितळ."

सकीना दारात आली होती. तिनं दोघांकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिली.

मग त्यांना राग आला. मला वाटलं होतं तसा लगेच नाही, सावकाश आला. "पण तुला कळत होतं. चांदी गेल्यावर मी गप्प बसलो, तो धंदा. बाजारात असंच होतं. पण तू कागद आणलास. छापून आणलास. मी त्या कागदाला तोंड वर करून बोललो का? पोचा लिहिलास, हो म्हटलं. रबरबँड लिहिलंस, हो म्हटलं. पन्नास वर्षांत मला कुणी असं लिहून दिलं नव्हतं. म्हटलं, ही पोरगी खरं तेच लिहिते. म्हणून तर भिंतीला लावला."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हो," ते म्हणाले. "चुकलं."

पुढे काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. सकीनानं चहा आणला, कुणी प्यायलं नाही. नईम आतून आला. उद्या दहाला हॉटेलवाल्याची गाडी येतेय, त्याला काय सांगायचं? त्यानं पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "मी वाजवून बघू का?"

"आता?" नईम म्हणाला. "आता काय उरलंय त्यात?"

सकीना पेटी घेऊन आली. माझा माउथपीस आणि रीड पर्समध्ये होते. का होते ते सांगता येणार नाही, तीन महिने ते पर्समध्येच असतात. मी उभी राहिले. ओट्यावरच. गल्लीत माणसं होती, समोरच्या पिठाच्या गिरणीवर चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या.

डाव्या हाताचे सूर आले. फाटके, पण आले. उजवा हात लावून खाली यायला लागले आणि डी ह्या सुराला वाद्य किंचाळलं. गिरणीवरच्या बायका हसल्या. पुन्हा घेतला, पुन्हा किंचाळलं. हे मला अपेक्षितच होतं. खालच्या भोकांमधून हवा जात होती, कडा गोल आहेत, पॅड बसत नाहीत. मी वाद्य तोंडातून काढलं आणि हेच सांगायला लागले.

"बोलू नको," चाचा म्हणाले. "खांदे खाली घे. तुला कोणी शिकवलं, पोलिसांनी?"

"हो."

"वाटलंच. परेडमध्ये उभी राहते." ते उठले, माझ्या बाजूला आले आणि तळाच्या दोन मोठ्या पॅडांवर वरून दोन्ही अंगठे दाबले. "सकीना, ती बाजूची धर. जोरात दाब. हां. फुंक."

मी खालचा सी घेतला. आधी नुसती हवा. मग सूर आला. मोठा, खालचा, पोटातून येतो तसा. माझ्या हातांना कंप जाणवला तसाच त्यांच्या अंगठ्यांनाही जाणवला असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. सूर पाव स्वरानं उतरलेला होता. सहा हातांनी धरून एवढाच आला. गिरणीवरच्या बायका बघत होत्या. हसत नव्हत्या.

श्वास संपला. "परत," ते म्हणाले.

आम्ही तसं किती वेळा केलं ते लिहीत नाही. सकीनाचं बोट चावीत चिमटलं, तिनं शिवी दिली आणि पुन्हा धरलं. नईम उंबऱ्यात बसला होता. एकदा तो म्हणाला, "हेच जर डीजेला जोडलं…" आणि चाचा म्हणाले, "तू उठ इथून."

शेवटी मी वाद्य पेटीत ठेवलं. म्हटलं, घेते. किती द्यायचे?

"चोवीस ठरले होते."

"तुम्ही पस्तीस म्हणाला होतात. मी पस्तीस देते."

"पस्तीसला जे होतं ते आहे का आता यात?" त्यांनी वाद्याकडे हात केला. "चोवीस. हॉटेलवाल्याला सांग, नईम, गेलं म्हणून. दुरुस्त कोण करणार याला?"

मी करणार, मी म्हटलं. कडा कशा घासायच्या, किती घासायच्या, कुठे थांबायचं ते सांगितलं. हात बसेपर्यंत एका भोकाला अर्धा दिवस.

"कुठं करणार?"

"जळगावला. कंपनीत सुट्टीच्या दिवशी परवानगी मिळेल."

"नाही. इथं कर." ते पुन्हा ओट्यावर बसले. "माझ्यासमोर. तू घास, मी बघतो. तू मोजशील, मला दाखवशील. तुझ्या कागदावर आता माझा भरवसा नाही."

मी म्हटलं, दर रविवारी सहा तास बसमध्ये जातील.

"जातील," ते म्हणाले.

पैसे दिले. वाद्य धुळ्यातच आहे. एका रविवारी एक कड धरली, तरी सगळ्या व्हायला मे उजाडेल.